वाळवी लागलेल्या पुस्तकांची बांधणी

शाळेतल्या पुस्तकांच्या कपाटाची किल्ली माझ्या गळ्यात कशी पडली, ते सांगायला फार वेळ लागत नाही. खांडबाऱ्याच्या शाळेत मी रुजू झालो त्या दिवशी हेडमास्तरांनी ती माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "तुमचं अक्षर बरं आहे." एवढ्यावर मी ग्रंथपाल झालो. शिकवणं, हजेरी घेणं, घंटा वाजवणं आणि साहेब यायचे असले की अंगणात सडा घालून घेणं, ही कामं होतीच. त्यात हे कपाट आलं.

कपाटाबरोबर शिक्षणवर्ग आले. दर दोन-तीन उन्हाळ्यांनी सुट्टी लागली रे लागली की हुकूम यायचा, शालेय ग्रंथपालांच्या वर्गासाठी नंदुरबारला हजर राहावे. बाकीचे मास्तर आपापल्या गावी आंबे खायला जायचे आणि आम्ही काही अभागी लोक आगगाडीच्या डब्यात घामाघूम होऊन नंदुरबारला उतरायचो. पहिल्या वर्गात शिकलो की पुस्तकं उंचीप्रमाणे लावावीत, म्हणजे कपाट शोभिवंत दिसतं. परत येऊन तसे आकडे चिकटवले. पुढच्या वर्गाचे गृहस्थ म्हणाले, छे, हा अडाणीपणा झाला, विषयवार लावा. मी आकडे भिजवून काढले आणि नवे चिकटवले. त्याच्या पुढचे म्हणाले, लेखकाच्या नावाने लावा. पुन्हा पाणी, पुन्हा खळ. पुस्तकं आतून वाचणारी मुलं थोडी होती. त्यांची घरची बोली वेगळी, पुस्तकाची मराठी त्यांना शाळेपुरतीच भेटायची. बाहेरून मात्र ती पुस्तकं माझ्याइतकी कोणी हाताळली नसतील.

त्यातल्या शेवटच्या वर्गाची ही आठवण आहे. लढाईचे दिवस होते. कागद मिळत नव्हता, घासलेट मिळत नव्हतं. या वर्गाला मात्र मी आपल्या पायांनी, आनंदानं गेलो होतो, कारण मला खांडबाऱ्याहून गावाकडे बदली करून घ्यायची होती.

माझी आई तापीकाठच्या आमच्या गावी एकटी राहत होती. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. माझी बायको पहिल्या बाळंतपणात गेली, मूलही गेलं, आणि मी पुन्हा लग्न केलं नाही. शेत वाट्यानं दिलेलं होतं, त्याची काळजी नव्हती. काळजी आईच्या डोळ्यांची होती. मोतीबिंदू पिकत चालले होते. चुलीपाशी ती हातानं चाचपून लाकूड सारायची आणि कधी कधी हात भाजून घ्यायची. खांडबाऱ्याला चल म्हटलं की तिचं एकच उत्तर असायचं. "आठे तुन्हा बाप मरना. मी कोठे येऊ?" नवरा गेला ते घर सोडायला ती तयार नव्हती. गावाशेजारच्या शाळेत एक जागा रिकामी होत होती. बोर्डातले कारकून म्हणाले, जागा तुमचीच समजा, फक्त कपाटाचा चार्ज देऊन या.

घोडं इथंच अडलं होतं. चार्ज द्यायचा म्हणजे कपाटातलं प्रत्येक पुस्तक मोजून दुसऱ्याच्या स्वाधीन करायचं. आमच्या कपाटाचा खालचा कप्पा एका पावसाळ्यात वाळवीनं फस्त केला होता. त्या पुस्तकांचं काय उरलं होतं, तर अर्धे पुठ्ठे, चाळण झालेली पानं आणि कुठं कुठं शाळेचा शिक्का. खात्याचा नियम असा की पुस्तक मेलं तरी त्याची माती करता येत नाही. उरलंसुरलं जपून ठेवायचं, शिक्क्याचं पान शाळा तपासणाऱ्या डेप्युटी साहेबांना प्रत्यक्ष दाखवायचं, मग ते आपल्या हातानं त्याचं नाव यादीतून खोडणार. तोवर ते पुस्तक जिवंतच धरायचं. प्रत्येक शाळेत असं एक फडक्यातलं गाठोडं असायचं आणि प्रत्येक मास्तर ते पुढच्या मास्तराला दाखवताना तोंड फिरवायचा. आमच्याकडे साहेब तपासणीला येत, वर्गात दोन प्रश्न विचारत आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघून जात. गाठोडं राहून जाई.

या वेळी वर्गाच्या शेवटच्या दिवशी साहेब स्वतः येणार होते. कागदाची टंचाई म्हणून वर्गाचा विषयही जुन्या पुस्तकांची दुरुस्ती हाच होता. फाटकीतुटकी पुस्तकं बरोबर आणा, असं हुकमातच लिहिलं होतं. मी बांधणीसाठी दोन-तीन पुस्तकं घेतली आणि गाठोडं वेगळं घेतलं. साहेबांना ते उघडून दाखवायचं, खोडून घ्यायचं, चार्ज द्यायचा आणि आईकडे जायचं, एवढं साधं गणित मनात होतं.

शिकवायला पुण्याहून एक गृहस्थ आले होते. माणूस वाईट नव्हता, पण त्यांनी आमच्यासारखं कपाट कधी पाहिलंच नसावं. ते विषयांचे दहा भाग आणि त्यांचे पोटभाग सांगत सुटले. शहाद्याकडचे एक वयस्क मास्तर होते, ते उठून म्हणाले, "साहेब, कपाट एकच शे. आनि त्यानं एक दार निंघत नही." आम्ही हसलो. गृहस्थांनी हसू येऊ दिलं नाही आणि फळ्यावर अकरावा भाग काढला. वर पत्रे तापत होते, बाहेर लू चालली होती, माठातलं पाणी दुपारपर्यंत कोमट व्हायचं. पुस्तकं जपण्याबद्दलचं व्याख्यान ऐकताना मला आईच्या हाताला चटका बसलेला दिसायचा आणि चीड यायची. ती चीड कोणावर काढावी ते कळत नव्हतं.

बांधणीचं काम दाखवायला नंदुरबारातलेच एक मुसलमान कारागीर येत. गावातल्या व्यापारी पेढ्यांच्या हिशेबाच्या वह्या त्यांच्याच घरी बांधल्या जात. ते आले की वर्गात जीव यायचा. टाके कसे घालायचे, कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद किती घालायचा, ते दाखवत आणि मधूनमधून आम्हाला चहा पाजत. मास्तर मंडळी त्यांच्यावर खूश होती.

शेवटच्या दिवसाच्या आदल्या दिवशी मला ऊन लागलं. सकाळपासून डोकं फुटत होतं, दुपारी अंगात कणकण भरली. शहाद्याच्या मास्तरांनी मला मागच्या खोलीत सतरंजीवर निजवलं, कपाळावर ओला पंचा ठेवला आणि म्हणाले, "तुमी पडी ऱ्हा. आमी शेत ना देखाले." मला गाढ झोप लागली. कित्येक महिन्यांत तशी झोप मिळाली नव्हती.

त्या दिवशी प्रत्येकानं आपल्या हातची बांधलेली पुस्तकं मांडून ठेवायची होती. ती ज्याची नसतील त्याला वर्गाचा दाखला नाही. मी तर निजलो होतो. माझी दोन-तीन पुस्तकं माझ्या पिशवीत, माझ्या उशाखाली होती. टेबलावर होतं ते फक्त गाठोडं. मास्तर मंडळींना वाटलं, बिचारा तापानं फणफणलाय, याचा दाखला जाईल, याला पुन्हा पुढच्या उन्हाळ्यात यावं लागेल. कोणालाही वाटलं असतं. फाटकी पुस्तकं आणायचा हुकूमच होता, म्हणून हीसुद्धा बांधायलाच आणलेली समजून त्यांनी गाठोडं सोडलं. कारागीर पुढे झाले, सगळे मदतीला बसले.

संध्याकाळी मी उठून बाहेर आलो, तर टेबलावर चार देखणी पुस्तकं मांडलेली. निळे पुठ्ठे, कोपऱ्यांना कापड, कडा कापून सरळ केलेल्या. वाळवीनं खाल्लेल्या सगळ्या पुस्तकांची धड पानं निवडून, मापाला माप जुळवून त्यांची चार केली होती. शिक्क्याची पानं आत शिवली गेली होती. बाकीचा चुरा झाडून बाहेर टाकला होता. कारागीर एका पुस्तकावर हात फिरवत म्हणाले, "देखा मास्तर, कशी पहेलवान करी टाक्यात." सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी खाली बसलो. त्यांना वाटलं, तापाची चक्कर आली, म्हणून कोणीतरी पाणी आणायला धावलं.

मी त्यांना रागावलो नाही. रागावण्यासारखं त्यांनी काही केलं नव्हतं. त्यांच्या सगळ्यांच्या बोटांना खळ लागलेली होती आणि त्यांनी माझ्यासाठी सबंध दुपार घातली होती. छान झालीत, असं मी म्हणालो. शहाद्याच्या मास्तरांना तेवढं मागाहून खरं सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. चारही पुस्तकं त्यांनी कौतुकानं हातात घेतली. मी धीर करून म्हणालो, "साहेब, ही मेलेली पुस्तकं आहेत. यांची नावं खोडायची आहेत." त्यांनी एक उघडलं. सुरुवातीला कपाशीची लागवड होती, पुढे कुणा साधूचं चरित्र आणि शेवटी अपूर्णांकांची उदाहरणं. ते हसले. मग हसू आवरून म्हणाले, "मास्तर, इतकं भक्कम बांधलेलं पुस्तक मी मेलं म्हणून कसं खोडू? आणि कुठलं खोडू? कोणाचा पुठ्ठा नाही, चुरा नाही. पानं सुटी करा, एकेका पुस्तकाची वेगळी लावा आणि पुढच्या तपासणीला दाखवा." पुढची तपासणी म्हणजे एक वर्ष. मी आईचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चुकचुकले, आणि म्हणाले, जागा काही तोवर रिकामी ठेवता येणार नाही, पण पुढे नक्की बघू. मग ते माझ्या शेजारच्या मास्तरांच्या पुस्तकांकडे वळले.

दाखला घेऊन मी बैलगाडीनं गावाकडे निघालो. आई दारातच बसली होती. माझं पाऊल तिनं ओळखलं.

"उना का भाऊ? बदली व्हयनी का?"

"नही व्हयनी, माय."

"मंग कव्हय?"

"पुढला साल."

आत गेलो तर ओसरीच्या आतल्या खोलीत भिंतीलगत एक खाट टाकलेली. नवी सुंभं, नवी वीण, वर धुतलेली गोधडी. शेजारच्या बाईला रोज बोलावून, स्वतः हातानं सुंभ चाचपत आईनं ती माझ्यासाठी विणून घेतली होती. आता मन्हा पोऱ्या कायमचा येई ऱ्हायना, असं तिनं सगळ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं. मी त्या खाटेवर दोन दिवस निजलो. ताप पुन्हा आला आणि उतरला. आईनं या दोन दिवसांत मला कशाचा दोष दिला नाही, वर्गाचं काही विचारलं नाही.

निघताना तिनं गोधडी घडी करून ठेवली, खाटेचा पाय हातानं शोधला आणि ती भिंतीशी उभी केली. मी पुढे झालो तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे. धूळ बसी."

मी वर्षभर पानं सोडवत बसलो. मोरचुदाची खळ इतकी घट्ट बसली होती की पान सुटायच्या आधी फाटायचं. तपासणी झाली, नावं खोडली गेली, तोवर आणखी एक जागा निघाली होती. बदलीचा हुकूम घेऊन मी गावी आलो तेव्हा खाट तशीच भिंतीशी उभी होती. ती मी स्वतःच आडवी केली, कारण आई गेल्यावर घरात आता दुसरं कोणी नव्हतं.