याडीने वाटलेल्या गोळ्या

एक्स-रेची फिल्म खिडकीच्या उजेडात धरून मोठे डॉक्टर म्हणाले, "टी.बी. आहे. उजव्या फुप्फुसात खड्डा पडलाय. उशीर केलात." बोलले ते माझ्याशी. आजारी होती ती माझी याडी. आमच्या गोरबोलीत आईला याडी म्हणतात. ती बाकावर बसून त्या काळ्या फिल्मकडे बघत होती.

ज्यांच्या घरात हे दुखणं शिरलं असेल त्यांच्यासाठी लिहितो आहे. धीर देणं मला जमत नाही. आमचं कुठं चुकलं, तेवढं सांगतो.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. आमचा बंजाऱ्यांचा तांडा बोरी अरबपासून दोन कोसांवर. मी जवळच्याच शाळेत गुरुजी, तांड्यातला पहिला शिकलेला, आणि त्याची मला घमेंडही भरपूर. याडीला तीन महिने खोकला होता. संध्याकाळी अंगात कणकण, अंगावरचं मांस झडलेलं. थुंकीत रक्त दिसलं तेव्हा मी तिला जिल्ह्याच्या गावी नेलं. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. ज्याचं चुकलं त्यानेच पुढे सुधारलंही.

पहिल्याच दिवशी मी तिथं सांगून टाकलं, "आईला मराठी येत नाही, काय ते मला विचारा." हे खोटं होतं. बोरीच्या बाजारात घासाघीस करून भल्याभल्यांना गार करील इतकी वऱ्हाडी तिला येत होती. पण डॉक्टरांसमोर ती 'मले, तुले' करणार, याची मला लाज वाटली.

स्ट्रेप्टोमायसिनची सुई रोज टोचायची, म्हणून महिनाभर तिला वॉर्डात ठेवलं. खाट मिळाली ती बाहेर व्हरांड्यात. "लमाणाची बाई आत नको, बाकीच्या कुरकुरतात," सिस्टर म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. जेवणाची वेळ सांगावी तसं सांगितलं. मराठी कळत नाही म्हणून त्या याडीशी बहिऱ्याशी बोलावं तसं ओरडून बोलत. याडी मान डोलवायची.

महिन्याने खोकला कमी झाला, वजन वाढलं. मग आयसोनायझिड आणि पास नावाच्या गोळ्या देऊन तिला घरी पाठवलं. पासच्या गोळ्या मोठ्या, कडू आणि रोज मूठभर. दर महिन्याला मी नव्या गोळ्या आणायचो. संपल्या का विचारलं की याडी म्हणायची, संपल्या. मी शाळेत जायचो.

घरी आल्यावर चौथ्या महिन्यात तिला पुन्हा रक्त पडलं. स्प्युटम तपासला. स्प्युटम म्हणजे खाकरून काढलेला बेडका. तो काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात आणि जंतू दिसले तर पॉझिटिव्ह म्हणतात. याडीचा पॉझिटिव्ह आला. मोठे डॉक्टर म्हणाले, "गोळ्या फेकत असणार. तुमच्या लोकांचं नेहमीचंच. आणखी एक महिना बघू, नाहीतर आमचा इलाज संपला." केसपेपरवर त्यांनी लिहिलं, 'लमाण. सूचना पाळत नाही.'

इंग्रजीत होतं, पण मला वाचता आलं. मला राग यायला हवा होता. आला, पण याडीचा. सगळ्या बाकांसमोर मी तिला टाकून बोललो.

तेवढ्यात नव्याने आलेले एक डॉक्टर आमच्याजवळ आले. वर्ध्याकडचे, तिशीच्या आतले. मी सवयीने तोंड उघडलं तर म्हणाले, "गुरुजी, तुम्ही जरा थांबा." मग याडीजवळ बसले. "मावशी, गोळ्या घेता का, असं नाही विचारत मी. कशा घेता, ते सांगा मले."

याडी लगेच म्हणाली, "वाटून घेतो ना बापा."

"कोणाले वाटता?"

"खोकते त्यायले. मी धरून सहा घरं हाय. एकटीच्या पोटात औषीद जाईन अन् शेजारची खोकून मरंन, ते बरं दिसते काय?"

हे समजायला आमचा तांडा माहीत हवा. तिथं बोकड कापला की प्रत्येक घरी सारखा वाटा जातो. जो घरी नसेल त्याचाही काढून ठेवतात. एकट्याने खाल्लेलं अंगी लागत नाही, हे आम्ही दुधाबरोबर शिकतो. याडीने गोळ्यांनाही तोच न्याय लावला होता. चार महिने औषध सहांच्या पोटात जात होतं आणि कुणालाच पुरत नव्हतं.

डॉक्टर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, "मावशी, अर्धवट गोळीनं जंतू मरत नाही. उलट निगरगट्ट होतो, मग पुरी गोळीही त्याले मारत नाही. त्याला रेझिस्टन्स म्हणतात. त्या पाच जणांची नावं सांगा."

"त्यायले बी देसान काय गोळ्या?"

"तपासून देऊ."

"मंग सांगतो. नाई तर मी बी खात नाई."

तिने खरंच खाल्ल्या नसत्या. मोठे डॉक्टर म्हणाले, त्या पाचांना इथं घेऊन या. पण कापूस वेचणीचे दिवस. एका दिवसाची मजुरी बुडवून व्हरांड्यात ओरडून घ्यायला कोण येणार? हे मी म्हणालो नाही, याडी म्हणाली. शेवटी रविवारी नवे डॉक्टर दवाखान्याची जीप आणि थुंकीच्या बाटल्या घेऊन तांड्यातच आले. पाचांपैकी चौघांना टी.बी. निघाला.

गोळ्या कशा द्यायच्या हे डॉक्टरांनी नायकाला, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाला विचारलं. नायक म्हणाला, "बोकडाचा वाटा जाते तसाच जाऊ द्या. पण ज्याचा वाटा त्यानंच गिळाचा, माह्या ओट्यावर, सगळ्यायच्या समोर." रोज सकाळी तसंच झालं. कडू गोळीने तोंडं वाकडी व्हायची आणि बायका एकमेकींना हसायच्या. याडी सगळ्यांत आधी हजर असायची.

पुढे दवाखान्यात एक बंजारा बाई मदतनीस म्हणून घेतली. तांड्यावरच्या आणि कोलामांच्या पोडावरच्या, म्हणजे त्यांच्या वस्तीवरच्या, रोग्यांना खाटा आत मिळू लागल्या. बाकीच्या चार दिवस कुरकुरल्या आणि मग गप्प बसल्या. याला काही मोठा खर्च आला नाही.

दीड वर्षाने याडीचा स्प्युटम निगेटिव्ह आला, एक्स-रेत खड्डा भरलेला दिसला. चौघांपैकी तिघं तरले. चौथा रूपलाकाका. त्याची दोन्ही फुप्फुसं आधीच पोखरली होती. त्याने सव्वा महिना नेमाने गोळ्या घेतल्या आणि तो गेला.

त्याचा कागद बंद करताना डॉक्टरांनी मला सहज विचारलं, "गुरुजी, हा कधीपासून खोकत होता?"

"दोन वर्षं," मी म्हणालो. आठवावं लागलं नाही. त्याची झोपडी माझ्या शाळेच्या वाटेवर होती.

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. याडी वाचली, त्याचे उपकार मी जन्मभर मानीन. पण रूपलाकाकाला कुठल्या दवाखान्याने परत पाठवलं नव्हतं. त्याला तिथवर मी नेलंच नव्हतं.