प्रसादाचं खोबरं आणि माझे दात

मंडळी, आज सकाळी पूजा झाल्यावर प्रसादाचा सुक्या खोबऱ्याचा तुकडा नेहमीसारखा बायकोच्या हातात दिला. तिने किसणी घेतली. "देवाला अख्खं, तुम्हाला किसलेलं!" म्हणून हसली.

मीही हसलो, पण मन गावच्या शाळेत गेलं. शनिवारी मारुतीपुढे नारळ फुटला की आम्ही पोरं करवंटीचं खोबरं दातांनीच सोडवायचो. तो कर्रकन आवाज अजून कानात आहे.

हिरड्यांच्या आजाराने पन्नाशीआधीच माझे निम्मे दात गेले, उरलेले हलतात. इथे परदेशात, डीमन गावातल्या दातांच्या डॉक्टर बाई गेलं वर्षभर सांगताहेत, उरलेलेही काढू आणि हाडात स्क्रू बसवून पक्के दात लावू. पण देवाने दिलेलं आपणहून कसं काढायचं, इथेच मी अडलो होतो.

तेवढ्यात गावाहून आईचा फोन आला. तिला सगळं सांगितलं.

"माझ्या डोळ्यात भिंग बसवलं, तेव्हा तूच म्हणालास ना, डॉक्टरच्या हातानं देवच देतो? मग तुझ्या तोंडाचा देव वेगळा आहे का रे?"

मी हसून फोन ठेवला.

ज्यांनी असे दात बसवलेत त्यांनी सांगा, पहिला घास कशाचा घेतलात? माझा ठरलाय. बायकोच्या हातातला उरलेला तुकडा मी किसू दिला नाही. देव्हाऱ्याशेजारी डब्यात ठेवला, सायकल काढली आणि बाईंना होकार देऊन आलो.