तार शिजवणारा किट

फूंग सेंग किटच्या हातात सुरा असो वा नसो, मलेशियातल्या इपोहच्या बाजारात लोक त्याच्यापासून दोन हात लांबच राहत. माझं कोंबड्यांचं दुकान त्याच्या डुकराच्या मटणाच्या गाळ्याला लागून. ‘‘चरबीच फार घालतोस’’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला त्याने अख्ख्या फऱ्याने बडवलेलं मी पाहिलंय. बायको याच हाताला कंटाळून निघून गेली. घरात उरला धाकटा भाऊ, यीन. तोही गेला असता तर किटजवळ बसायला कुत्रंही नव्हतं.

गाण्याचं मात्र दोघांना वेड. रविवारी स्पीकरसमोर शेजारी शेजारी बसून ऐकायचे. तेवढा वेळ किट माणसात असायचा.

मग त्याने स्पीकरची नवी तार आणली. नवी तार आधी शिजवावी लागते, असं आमच्याकडचे शौकीन म्हणतात. म्हणजे ती जोडून गाण्याचं मशीन कित्येक दिवस अखंड वाजत ठेवायचं. मंद आचेवर रस्सा शिजवायला आमच्या बोलीत जो शब्द, तोच याला.

‘‘मध्ये बंद केली की कच्ची राहते,’’ किट म्हणाला.

‘‘अरे, तांबं आहे ते, खुरांचा रस्सा नव्हे!’’

त्याने सुरा ठोकळ्यात रुतवला. मी माझ्या कोंबड्यांकडे वळलो.

त्या दुपारी त्याने गाळ्यावरून घरी फोन केला. ‘‘यीन, ते शिजतंय ना, बंद कर. करपेल.’’ त्याला म्हणायचा होता हाडांचा रस्सा. यीनच्या डोक्यात तारेशिवाय दुसरं काही नव्हतं. त्याने मशीन बंद केलं आणि तो कॉफी प्यायला गेला.

किटचा उरलेल्या मटणाचा खोका उचलायला म्हणून मी त्याच्याबरोबर घरी गेलो. जिन्यापर्यंत धूर. चुलीवर पातेलं लाल झालेलं. किटने तिकडे पाहिलंही नाही. गाणं थांबलं होतं.

‘‘कोणी बंद केलं?’’

मागून धावत आलेला यीन म्हणाला, ‘‘तूच म्हणालास ना दादा, शिजतंय ते...’’

उजव्या हाताचा फटका त्याच्या कानावर बसला. यीन पडला. किटने त्याला लाथांनी तुडवलं, मग उपसलेल्या त्याच तारेने झोडपलं. मी मध्ये पडलो तर माझा दात पाडला, मेल्याने. यीनच्या डाव्या कानातून रक्त येत होतं.

तो कान कायमचा गेला.

किटने तार पुन्हा पहिल्यापासून शिजवली. रविवारी आम्हा दोघांना बोलावलं. मला विचाराल तर ती पहिल्या दिवशी वाजली होती तशीच वाजत होती. गाणं संपलं. इतक्या हलक्या आवाजात किटला बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

‘‘यीन, आता शिजली का रे?’’

‘‘उजवीकडची शिजली, दादा. डावीकडची अजून कच्ची आहे.’’

किट डाव्या स्पीकरचा जोड तपासायला उठला, आणि दोन पावलांवर मटकन खाली बसला.