दाजींची गाडी भरेपर्यंत

आमच्या दाजींएवढा भविष्यकाळात राहणारा माणूस अख्ख्या बेंगळुरात सापडायचा नाही. म्हणजे राहायला ते यशवंतपूरला, पण मनाने कायम दहा वर्षं पुढे. दाजी म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, माझे साडू, मूळचे बेळगावचे. विजेवरची गाडी लोकांना धड माहीत नव्हती तेव्हा त्यांनी ती घेतली आणि आम्हा पेट्रोलवाल्यांना जगणं नकोसं केलं. माझ्या गाडीला ते 'स्टोव्ह' म्हणत. "साडूभाऊ, तुमचा स्टोव्ह अजून धूर काढतो काय ओ?" असं चारचौघांत विचारत. स्वतःच्या गाडीत मात्र एसी लावू देत नसत आणि चढ आला की सगळ्यांना गप्प करत. बोलण्याने बॅटरी उतरते असा त्यांचा समज नसावा, पण खात्री देत नाही.

दर रविवारी ते आमच्याकडे होसकोट्याला येत. चपला काढायच्या आधी चार्जिंगची वायर स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत, मग चहा. सुरुवातीला तासाभरात निघत. पुढे बॅटरी म्हातारी होत गेली तशी बैठक लांबली. दोन तास, तीन तास, गेल्या वर्षापासून चांगले पाच. तेवढं भरल्याशिवाय गाडी परत पोचायचीच नाही. मग जेवण, डुलकी, राजकारण, त्यांचे गुडघे, माझी शुगर. बायको कुरकुरायची. मी मात्र, खरं सांगतो, रविवारची वाट बघायचो. निवृत्तीनंतर माझ्याशी पाच तास बोलायला दुसरं कोण बसलं होतं?

मग त्यांच्या लेकीने नव्या गाडीचा हट्ट धरला. समोर काही आलं की आपण होऊन थांबणारी, स्वतःची स्वतः पार्क होणारी. घरी एकदा भरली की आठवडाभर बघायला नको. दाजी फुरंगटले. "मग मी आत काय करायचं? नुसतं बसायचं तर बस आहे की." पोरीने त्यांच्या गाडीला 'जुनी' म्हटलं, ते त्यांना फार लागलं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांना जुनाट ठरवलेला माणूस तो.

गेल्या रविवारी आले ते आरसा लोंबकळत. वाटेत पाण्याचा टँकर त्यांना दिसलाच नव्हता. त्या दिवशी वायर मीच लावली. चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "लेक म्हणते, ती गाडी घ्या नाहीतर चालवणं सोडा. साडूभाऊ, तुम्ही सांगा. तुम्ही नको म्हटलात तर नाही घेत."

'नको' अगदी ओठांवर आलं होतं. नवी गाडी आली की दाजी चहा पिऊन वीस मिनिटांत निघणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. पण तो आरसाही दिसत होता.

"घ्या," मी म्हणालो. "टँकर तिला दिसेल."

"सरी," ते म्हणाले, म्हणजे कानडीत 'ठीक'. थोड्या वेळाने पुन्हा एकदा, "सरी."

साडेपाचला बायकोने आतून सांगितलं, "दाजी, गाडी भरली हो."

दाजींनी ऐकलं, मीही ऐकलं. "स्वल्प बसतो," ते म्हणाले. मी पंखा थोडा वाढवला आणि आम्ही दोघं अंधार पडेपर्यंत तसेच बसून राहिलो.