उस्तादांचं नाक

उस्तादांचं नाक म्हणजे काय विचारता! गाडी गॅरेजच्या दारात उभी राहिली की ते सायलेन्सरशी वाकायचे, धूर हुंगायचे आणि सांगून मोकळे व्हायचे, "ऑक्सिजन सेन्सर गेलाय." मग आतून त्यांची बायको स्कॅनर घेऊन यायची, तो जोडायची आणि ते यंत्रही मुकाट तेच म्हणायचं. "यंत्र हवंय कुणाला?" असं उस्ताद चारचौघांत मिरवायचे.

एकदा त्यांना जबर सर्दी झाली. ती गेली, पण जाताना वास घेऊन गेली. उस्तादांनी अवाक्षर काढलं नाही. समोरचा गॅरेजवाला हसायला टपूनच बसला होता ना!

पण बायको पडली स्कॅनरवाली. धडधाकट सेन्सरचा आकडा सारखा खाली-वर नाचतो. एका जागी ठाण मांडून बसला की समजायचं, मेला. आणि इथे नवरा आठवडाभर प्रत्येक घासाला "झकास" म्हणत होता. तिने मुद्दाम दूध करपवलं आणि पेला त्यांच्या नाकाखाली धरला.

"झकास!"

"अहो, करपलंय ते! नाक बंद पडलंय ना तुमचं?"

उस्तादांचा चेहरा पडला. "कुणाला सांगू नकोस गं. लोक या नाकासाठी येतात. तेच गेलं तर मला कोण विचारणार?"

तिला हसू आलं, पण तिने मान डोलावली.

दुसऱ्या दिवसापासून गाडी चालू ठेवायच्या निमित्ताने ती मांडीवर स्कॅनर लपवून गाडीत बसू लागली. एकदा खोकली तर सेन्सर गेला, दोनदा खोकली तर सेन्सर ठीक, दोष दुसरीकडे. उस्ताद नाक सायलेन्सरशी नेत, कान मात्र तिच्याकडे. एका गिऱ्हाइकाने तर "ताई, जपा हो" म्हणत तिला खोकल्याच्या गोळ्या आणून दिल्या. त्या दिवशी दोघं पोट दुखेपर्यंत हसली. इतकी वर्षं ती आत, ते बाहेर. असं एकत्र हसणं कुठलं!

एका सकाळी दूध खरोखरच करपलं. तिच्या ध्यानातही नव्हतं. उस्तादांनी पेला तोंडाशी नेला आणि त्यांचं नाक आक्रसलं. क्षणभरच, पण आकडा नाचला होता!

"कसं झालंय?" तिने विचारलं.

"झकास!" उस्तादांनी डोळे मिटून पेला रिकामा केला. "चल, गाड्या आल्या असतील. तुझ्याशिवाय माझं पान हलायचं नाही."

अस्सा लबाड माणूस! तिला गहिवरून आलं. तिने पेला उचलला, पदर खोचला आणि त्यांच्याकडे बघत ती सावकाश, स्पष्ट, दोनदा खोकली.

उस्तादांचे कान लालबुंद झाले.

"चला," ती म्हणाली, "येतेय मी."