‘एकटे बसा’ असं मी लिहिलं होतं

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. ‘जंगलात एकट्याने बसून काढलेलं’ असं लिहून मी जी चित्रं लोकांना दाखवली, त्यातलं एकही एकट्याने बसून काढलेलं नाही.

चंद्रपूरला एका ऑफिसात मी नकाशे काढतो. चित्रं रविवारची. काही वर्षांपूर्वी पुतणीने फोनवर पेज उघडून दिलं आणि मी चित्रं टाकू लागलो. लोक विचारायचे, म्हणून खाली चार ओळी लिहायला लागलो. शाई किती पातळ करायची, पाण्यातली सावली आधी काढायची की झाड. वाचणारे वाढले. ‘सर’ म्हणू लागले. ऑफिसात मला कोणी सर म्हणत नाही. ते मला फार गोड लागलं, खोटं कशाला बोलू.

मूल गावाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत एका खेड्याच्या बोडीवर मी जायचो. बोडी म्हणजे लहान तलाव, एका अंगाला मातीची पार, म्हणजे बांध, आणि बाकी सगळं जंगल. तिथे मासे धरणारा साठीचा एक माणूस होता. पहिल्याच दिवशी तो जाळं टाकून वर आला आणि पारीवर थबकला.

“कोण बसलं हाये तिथी मुकाट्यानं?”

“चित्र काढतोय, भाऊ.”

“काढा ना. पण बोला गा काहीतरी.”

“बोलत बोलत कसं काढू?”

“मंग मी बोलतो. तुमी काढा.”

आणि तो माझ्याकडे पाठ करून उभा राहिला, काठी जमिनीवर आपटत. मला वाटलं, वाघासाठी असेल. तो म्हणाला, “वाघाचं सोडा. तो आपल्याले पाह्यते अन् आपल्या रस्त्यानं जाते. अस्वलाले धड दिसत नाई. मुंडी खाली घालून मोहफुलं खात येते, अन् माणूस एकदम पुढ्यात आला का घाबरते. घाबरलं का फाडते. त्याले दुरूनच आयकू आलं पायजे का इथी माणूस हाये.” मोह वेचायला जाणाऱ्या बायाही म्हणूनच घोळक्याने जातात आणि सारखं बोलत राहतात, हे त्याने सांगितलं. आम्ही शहरातले त्याला नुसत्या गप्पा समजायचो.

पुढे चार वर्षं मी तिथे बसलो तेव्हा तो मागे उभा असायचा. सारखा बोलायचा. जावयाचं, मरळ माशाचं, बायकोच्या गुडघ्याचं. मधूनच वळून माझ्या कागदाकडे बघायचा. “तुमचं हे झाड वाकलं हाये. खरं तं सरळ हाये बाप्पा.” त्या बडबडीत माझा हात मोकळा सुटायचा. भीती त्याने वाटून घेतली होती.

आणि मी पेजवर काय लिहिलं? लिहिलं की चित्रातली शांतता जंगलातून येते. एकटे जा. फोन बंद ठेवा. जमिनीला टेकून बसा, दोन तास हलू नका, बोलू नका. भीती वाटेल, ती रेषेत उतरू द्या. सोबत माझ्या बसायच्या जागेचा फोटो टाकला. त्या फोटोत गवतावर त्या म्हाताऱ्याची लांब सावली पडली होती. ती मी कापली. चौकट थोडी आत घेतली, झालं. माझ्या सगळ्या लिखाणात लोकांनी सर्वांत जास्त पुढे पाठवलं ते हेच.

राजुऱ्याकडच्या एक शिक्षिका वर्षभर मला चित्रं पाठवत होत्या. हात चांगला होता, पण झाडं पाठ केल्यासारखी काढायच्या. मी त्यांना कळवलं, “घरात बसून हे जमायचं नाही.” एप्रिलमधल्या एका सकाळी त्यांचा निरोप आला. “सर, आज रजा टाकून हिंमत केली. गावाबाहेरच्या बोडीवर जाते आहे. एकटी. फोन आता बंद करते.” खाली पाठीवरच्या पिशवीचा फोटो. निरोप सव्वापाचचा होता. मी वाचला तेव्हा सहाला दहा कमी होते, हातात चहा होता.

एप्रिल म्हणजे मोह गळायचा महिना. मी लगेच फोन लावला. बंद. पुन्हा लावला. मीच सांगितलं होतं बंद ठेवा म्हणून.

त्यांच्याच गावात स्टेशनरीचं दुकान चालवणारे एक गृहस्थ माझे वाचक होते. रोज काहीतरी लिहायचे, नंबरही होता माझ्याकडे. एक फोन केला असता तर ते पाच मिनिटांत गाडी काढून बोडीवर गेले असते. मी फोन केला नाही. निरोप लिहायला घेतला. ‘मॅडमना ताबडतोब उठवून आणा, तिथे एकट्याने बसणं धोक्याचं आहे.’ लिहिलं आणि पाठवायच्या आधी वाटलं, ते विचारतील, सर, पण तुम्ही तर एकटेच बसता ना? मग पुसलं. पुन्हा लिहिलं, त्यांच्या घरून निरोप आहे असं काहीतरी. तेही खोटं पकडलं जाईल म्हणून पुसलं. चहा तसाच गार झाला. सव्वासहा वाजले. शेवटी कोणालाच काही न कळवता मी मोटरसायकल काढली. आपण स्वतः जाऊ, त्यांना उठवू, कोणाला काही कळणार नाही.

वर्धा नदीचा पूल ओलांडताना सूर्य चांगला वर आला होता. कोळशाच्या ट्रकांच्या मागे मी अडकत होतो आणि मनात वाक्यं जुळवत होतो. त्यांना कसं वाचवायचं याची नाही, लोकांना काय सांगायचं याची.

गावात शिरलो तर चौकात माणसं जमली होती. बाईंना गाडीत घालून चंद्रपूरला नेलं होतं. म्हणजे वाटेत ती गाडी माझ्या समोरून गेली होती. मोह वेचणाऱ्या दोघी तिथेच बसल्या होत्या. त्यातली एक सांगू लागली. “आमी बोलून राह्यलो होतो, म्हणून अस्वल आमच्याकडून तिकडं वळलं. आमाले काय माहीत तिकडं कोणी बसून हाये म्हणून. आवाज नाई का काई नाई.” त्यांनीच ओरडून, टोपल्या आपटून त्याला पळवलं. कधी झालं, मी विचारलं. “आत्ताच, शाळेची प्रार्थना व्हाच्या थोडं आधी.”

प्रार्थना सातला. मी किती वेळ गार चहापुढे बसलो होतो, तो हिशोब मी रोज करतो.

चौथ्या दिवशी दवाखान्यात गेलो. उजवा हात खांद्यापासून बोटांपर्यंत बांधलेला. जीव वाचला होता. मला बघून त्या उठायला लागल्या. “सर, तुम्ही कशाला आलात. चूक माझीच आहे. तुम्ही लिहिलं होतं हलू नका. मी वहीचं पान उलटलं.”

“असू द्या, आराम करा,” मी म्हणालो.

उशाशी त्यांची आई होती. तिने मला नीट न्याहाळलं. “तुमीबी असेच बसता का भाऊ? एकटे?”

“हो,” मी म्हणालो.

 ती मुलीच्या अंगावरची चादर सारखी करत राहिली.

त्याच संध्याकाळी मी पेजवरून ते लिखाण काढून टाकलं. कोणीतरी विचारलं, तर जुनं आवरतो आहे म्हणालो. पुढच्या रविवारी माझ्या नेहमीच्या बोडीवर गेलो. म्हाताऱ्याच्या कानावर गोष्ट गेली होती.

“त्या बाईच्या मांगं कोण उभं होतं?”

“कोणी नव्हतं.”

“मंग गेली कायले ती? कोनं सांगतलं तिले असं बसाले?”

मी पेन्सिल तासत राहिलो. तो पाठ फिरवून आपल्या जागी उभा राहिला आणि नेहमीसारखा बोलू लागला. त्या दिवशी माझ्याकडून रेघ उमटली नाही.

बाई आता शाळेत जातात. फळ्यावर डाव्या हाताने लिहितात, असं दुकानवाले गृहस्थ सांगतात. चित्रं त्यांनी बंद केली आहेत. मला दिवाळीला त्यांच्या शुभेच्छा येतात, एक-दोन शब्दांत.

हे लिहून मी सुटलो असं नाही. मला राजुऱ्याकडे, त्यांच्या गावी जायचं आहे. त्यांच्यासमोर आणि त्यांच्या आईसमोर बसून सांगायचं आहे की मी कधीच एकटा बसलो नाही, त्या सकाळी माझ्या हातात वेळ होता आणि तो मी स्वतःला वाचवण्यात घालवला, आणि पान उलटल्यामुळे काही झालेलं नाही. एवढं मी त्यांना देणं लागतो. अजून दिलेलं नाही.