पुलापर्यंतचा हात

वुब्बोच्या पावावर आलीदा चॉकलेटचे दाणे पेरत होती. खाली लोणी जाडसर लावलं की दाणे घरंगळत नाहीत. अर्धांगवायूनं नवऱ्याचा एक हात गेला आणि बोलणंही गेलं, पण उरलेल्या हातानं स्वतःच खायचा हट्ट शाबूत होता. आज मात्र तोही हात बशीपर्यंत येईना. खांदा सुजून लाल झाला होता. तिनं घास पुढे केला, तर त्यानं तोंड फिरवलं आणि खिडकीकडे पाहिलं. पडदा बंद होता.

तेवढ्यात बाहेरची फळी करकरली, हाउसबोट जराशी कलली आणि दारावर टकटक झाली.

दारात युरे. पाहुण्यांना सकाळी सायकलीवरून आणि दुपारी बोटीतून ॲमस्टरडॅम दाखवत फिरणारा पोरगा. हातात बिस्किटांचा डबा.

"बाई, सगळं ठीक ना? काल दिवसभर पडदा बंद! बोटीतली मंडळी अगदी हिरमुसली हो. कप्तान कुठाय, कप्तान कुठाय, करत होती."

"कोण कप्तान?"

युरे कानामागं खाजवू लागला. "ते... मी आपलं भोंग्यावर सांगतो. वादळात जहाज गमावलेला म्हातारा कप्तान, अजून खिडकीतून हात करतो म्हणून. लोकांना आवडतं."

आलीदाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती योर्दान मोहल्ल्यातली. राग गिळायची पद्धत तिथे कुणाला शिकवलीच जात नाही.

"जहाज? अरे शहाण्या, समुद्र बघितला तो यानं किनाऱ्यावर चड्डी दुमडून! जन्मभर कालव्यातून सायकली उपसल्यात यानं, लोखंडी पंजानं. तुझ्यासारख्यांनी रात्री पिऊन पाण्यात लोटलेल्या!"

तिची स्वतःची सायकलही त्यानंच काढली होती. तेव्हा ती जेमतेम विशीची. काठावर उभी राहून ती बोंबलत होती, आणि पंजातून भलत्याच सायकली चिखल गाळत वर येत होत्या. शेवटी तिची आली, चाक वाकडं होऊन. आभार न मानता ती सायकल ओढत निघाली. दुसऱ्या दिवशी त्याचा सोबती तिला म्हणाला, "काय गं, काल वळून बघायचंस तरी. तू दिसेनाशी झालीस तरी हा खुळा हात वर करून उभा! काम खोळंबलं आमचं."

पुढच्या वेळी कोपऱ्यावर पोचल्यावर ती मागे वळली आणि तिनं हात केला.

इथली रीतच तशी. जाणारा कोपऱ्यावर पोचून मागे वळून हात करीत नाही, तोवर निरोप देणाऱ्यानं हात खाली घ्यायचा नाही, खिडकीतून हलायचं नाही. आजारानं वुब्बोच्या डोक्यातून मुलीचं नावसुद्धा पुसून नेलं; ही रीत तेवढी मागे ठेवली.

"काय करतात रे तुझी माणसं?" ती कडाडली. "तू म्हणतोस, हात करा. ती फोन उगारतात! बोट पुलाखाली जाते, एक मान मागे वळत नाही. आणि याचा हात तसाच वर. खाली घेऊ का नको, कळत नाही याला. तेवढ्यात दुसरी बोट! रात्रभर कण्हतो हा. मी उशाशी बसून खांदा शेकते, आणि तू म्हणे कप्तान!"

"मग पडदा बंद ठेवलात ते बरंच केलंत की, बाई."

"बरं? माझ्या आईच्या घरी दिवसाढवळ्या पडदा बंद झाला तो ती गेली त्या दिवशी. काल समोरची शेजारीण फुलं घेऊन आली होती, वुब्बो गेला समजून! आणि हा बोटीचा आवाज आला की त्याच हातानं पडद्यावर धपाधप मारत होता. बघ तो खांदा. बघ ना!"

युरेनं पाहिलं. त्याचा डबा खाली आला.

"मी इथून भरकन नेतो बोट."

"मग तर त्याला कळायचंही नाही, कोण आलं नि कोण गेलं."

"बरं, मग दुसऱ्या कालव्यानं जातो. इकडे फिरकतच नाही."

हेच तर तिला हवं होतं. हो म्हणायला तिनं तोंड उघडलंही. पण आत, युरेचा आवाज ऐकून, वुब्बोनं तो सुजलेला हात उचलला होता. ओठ दुखण्यानं आवळलेले, आणि डोळे मात्र पाहुणा आल्यासारखे उजळलेले. आलीदानं पाय आपटत जाऊन पडदा सर्रकन बाजूला ओढला.

"नाही," ती म्हणाली. आवाजातली धार तशीच होती. "इथूनच जा. कप्तान म्हण, राजा म्हण, काय हवं ते म्हण. काढू देत फोटो. फक्त पुलाखाली शिरायच्या आधी त्यांना मागे वळायला सांग. वळून एकदा हात करायला सांग. म्हणजे याला आपला हात खाली घेता येईल."